नादारीचा अर्ज करायचा की नाही? पंचवीस हजार पगार, सात लाखांचं कर्ज आणि दोन जामीनदार

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव गाळलं आहे आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. कर्जदार बाईंना आपण ताई म्हणू. वय चव्वेचाळीस, एका खासगी विनाअनुदानित शाळेच्या कार्यालयात लिपिक. पगार २५,००० रुपये. भविष्य निर्वाह निधीचे १,८०० कापून हातात २३,२०० येत. घरात बारावीनंतर डिप्लोमाला गेलेली मुलगी आणि सासूबाई. घर भाड्याचं. शेजारच्या गावी सासरचं जुनं घर आहे, त्यात नवऱ्याचा अर्धा हिस्सा होता आणि दुसरा अर्धा दिराचा.

नवरा भाड्याने टेम्पो चालवायचा. मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. उपचाराचा मोठा भाग सरकारी योजनेतून झाला, पण गाडीभाडं, इंजेक्शनं, बाहेरच्या तपासण्या आणि बंद पडलेली कमाई कुठल्याच योजनेत बसत नव्हती. २०२२ च्या अखेरीस ते गेले. त्यानंतर चौदा महिने ताई, उशीर झाला तरी एकही हप्ता न बुडवता, सगळी कर्जं भरत राहिल्या. कसं जमवलं? क्रेडिट कार्डावर किराणा, कार्डाच्या बिलासाठी मोबाइल अ‍ॅपचं कर्ज, अ‍ॅपच्या हप्त्यासाठी दुसरं अ‍ॅप. २०२४ च्या सुरुवातीला त्या तालुका विधी सेवा समितीकडे आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता: "मला दिवाळखोरी जाहीर करायची आहे, त्याचा फॉर्म कुठे मिळतो?" मी तिथे स्वयंसेवक म्हणून काम करते. कागद लावायचं काम माझ्याकडे आलं.

अडचण नेमकी किती

पहिल्या बैठकीत ताईंनी "साडेचार-पाच लाख असेल" असं सांगितलं. प्रत्येक कर्जाचा खातेउतारा मागवला, वर्षातून एकदा फुकट मिळणारा सिबिलचा अहवाल काढला, तेव्हा चित्र असं दिसलं:

पतसंस्थेचं कर्ज, बाकी १,८५,०००, हप्ता ५,६००. जामीनदार दोन: शाळेतल्या एक सहकारी शिक्षिका आणि दीर.
खासगी बँकेचं वैयक्तिक कर्ज, बाकी १,६२,०००, हप्ता ६,१००.
क्रेडिट कार्ड, ९४,०००. किमान भरणा सुमारे ४,७००.
तीन मोबाइल अ‍ॅप मिळून ३८,०००. महिन्याला ९,००० च्या आसपास.
आईच्या पाटल्यांवरचं सोनेतारण कर्ज, ७०,०००. व्याज महिन्याला सुमारे ७००.
नवऱ्याच्या नावावरचं वित्त कंपनीचं कर्ज, १,१०,०००, हप्ता ४,२००.
भावाकडून हातउसने, मूळ ६०,०००. त्यातले २०,००० दोन महिन्यांपूर्वीच परत केलेले, बाकी ४०,०००.

एकूण सात लाखांना हजार कमी. महिन्याचे हप्ते ३०,३००, पगार २३,२००. घरभाडं ४,५००, किराणा-दूध-गॅस-वीज ८,०००, मुलीचा प्रवास आणि फी मिळून २,५००, सासूबाईंची औषधं १,२००. खर्च १६,२००. म्हणजे कितीही ओढाताण केली तरी कर्जासाठी ७,००० च्या वर उरत नव्हते. ताईंनी हा हिशोब कागदावर पहिल्यांदाच बघितला. तोवर त्या महिना महिन्याला जोडत होत्या आणि दर महिन्याची तूट नव्या कर्जाने बुजत असल्यामुळे ती दिसतच नव्हती.

याच्या जोडीला वसुलीचा त्रास. बँकेच्या वतीने बोलणारा एजंट शाळेच्या फोनवर फोन करायचा. "अटक वॉरंट निघालंय" असं एकाने सांगितलं होतं. अ‍ॅपवाल्यांनी फोनमधले नंबर उचलून मुलीच्या मैत्रिणींना संदेश पाठवले होते. ताईंना दिवाळखोरी हवी होती ती कर्ज बुडवायला नव्हे, हे फोन थांबावेत म्हणून. पुढच्या सगळ्या चर्चेत हे लक्षात ठेवावं लागलं, कारण फोन थांबवणं आणि कर्ज संपवणं यांचे रस्ते वेगळे आहेत.

पर्यायांकडे जाण्याआधीचा एक निर्णय: कर्ज कोणाचं?

नवऱ्याच्या नावावरचं कर्ज ताई का भरत होत्या? "त्यांचं नाव खराब नको" म्हणून. करारात त्या सहकर्जदार नव्हत्या, जामीनदारही नव्हत्या. माणूस गेल्यावर त्याचं कर्ज वारसांच्या पगारावर येत नाही. वारसाला त्याची जी मालमत्ता मिळाली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी राहते. इथे सासरच्या घरातल्या हिश्श्याचा प्रश्न होता, त्यामुळे जबाबदारी शून्य नव्हती. पण दरमहा ४,२०० पगारातून देण्याचं बंधन नक्कीच नव्हतं.

करार वाचताना रक्कम वळती करण्याच्या तक्त्यात 'विमा हप्ता' अशी एक ओळ सापडली. कर्ज देतानाच कंपनीने कर्जदाराच्या आयुष्याचा विमा काढून त्याचा हप्ता कर्जातून वळता केला होता. कर्ज आजार उद्भवण्याच्या आधीचं, टेम्पोच्या इंजिनकामासाठी घेतलेलं. अशा विम्यात कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते. चौदा महिन्यांत हे ताईंना कोणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याला हप्ता नेणाऱ्या माणसानेही नाही, आणि त्याला तर नवरा वारल्याचं माहीत होतं. याचा मला आजही राग आहे.

दावा लगेच दाखल केला: मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचे कागद, विम्याचं प्रमाणपत्र आणि उशिराचं कारण सांगणारा अर्ज. हा दावा मान्य झाला तर सात लाखांतले १,१०,००० परस्पर जाणार होते आणि मृत्यूनंतर भरलेले हप्ते परत मिळायला हवे होते. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरी जाहीर करण्याचा, अर्ज आधी केला असता तर ही परत येणारी रक्कमही रिसीव्हरकडे (न्यायालय नादाराची मालमत्ता ज्याच्या ताब्यात देतं त्याच्याकडे) गेली असती. म्हणून पहिला निर्णय ठरला तो हा, की दाव्याचं उत्तर येईपर्यंत न्यायालयात काहीही दाखल करायचं नाही.

विचारात घेतलेले पर्याय

एकच मोठं कर्ज काढून सगळी फेडणं. सिबिल इतकं खाली आलं होतं की बँक दारात उभी करणार नव्हती. गावातला एकजण शेकडा पाचने तीन लाख द्यायला तयार होता. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, आणि त्याच्याकडे सावकारीचा परवाना नव्हता. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. हा पर्याय त्याच दिवशी बाद केला.

सासरच्या घरातला हिस्सा विकणं. नवऱ्याच्या अर्ध्या हिश्श्याचे वारस तीन: ताई, मुलगी, सासूबाई. म्हणजे ताईंच्या वाट्याला पूर्ण घराचा सहावा भाग. वाटणी झालेली नाही, दीर त्याच घरात राहतात. असा हिस्सा बाहेरचा माणूस पडत्या भावात घेतो आणि मग घरात वाद सुरू होतो. हाही पर्याय टाळायचा ठरला, पण तो पूर्णपणे ताईंच्या हातात नव्हता. नादारी घेतली तर हाच हिस्सा पहिल्यांदा पुढे येणार होता.

नादारी. यावर सर्वांत जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे २०१६ ची दिवाळखोरी संहिता आहे हे बहुतेकांना माहीत असतं. तिच्यात गरीब कर्जदारासाठी 'नव्याने सुरुवात' अशी तरतूदही लिहिलेली आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत असेल तर. मर्यादा इतक्या तोकड्या आहेत की ताई त्यात बसल्याच नसत्या. पण तो भाग मुळात अमलातच आलेला नाही. व्यक्तींसाठी संहितेचा जो भाग १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. नोकरदार, विधवा, छोटा दुकानदार यांना अजून इंग्रजांच्या काळातले कायदे लागू होतात: मुंबई शहरात १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय; मुंबईबाहेर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. ताईंसाठी तो १९२० चा.

त्या कायद्यात दारापर्यंत जाणं सोपं आहे. कर्ज ५०० रुपयांच्या वर असलं आणि फेडता येत नसलं की कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. न्यायालयाने नादार ठरवल्यावर, त्यात सिद्ध होऊ शकणाऱ्या कर्जांसाठी धनको, म्हणजे कर्ज देणारा, परवानगीशिवाय नवा दावा लावू शकत नाही. पुढे मुक्ततेचा आदेश मिळाला की बहुतेक कर्जांतून सुटका. शेजाऱ्याने "सगळं माफ होतं" म्हणून सांगितलेलं ते हेच. विधी सेवेच्या वकील मॅडमनी पुढची बाजू एकेक करून मांडली.

एक, संरक्षण अर्ज दिल्याच्या दिवसापासून मिळत नाही, नादार ठरवल्याच्या आदेशापासून मिळतं. तोवर तारखा पडत राहतात आणि फोनही येत राहतात.

दोन, सोनेतारण तारणावरचं कर्ज असल्यामुळे नादारीने त्या कंपनीचा हक्क हलत नाही. पाटल्या तिच्याच ताब्यात.

तीन, मालमत्ता रिसीव्हरकडे जाते. भविष्य निर्वाह निधी, रोजची भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने संरक्षण आहे. घरातल्या सहाव्या हिश्श्याला नाही. मुक्तता मिळेपर्यंत नव्याने जे काही येईल, तेही रिसीव्हरचं.

चार, भावाला दिलेले २०,०००. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकतं माप देण्यासाठी दिलेली रक्कम नादारी कायद्याच्या कलम ५४ खाली परत मागितली जाऊ शकते. ताईंनी पैसे दिले होते कारण भावाच्या मुलाची फी भरायची होती. पण न्यायालयासमोर भाऊ हा इतरांसारखाच एक धनको.

पाच, मुक्तता हमखास नाही. कलम ४२ म्हणतं की मालमत्तेतून कर्जाच्या रुपयामागे आठ आणेसुद्धा निघत नसतील, तर ते कर्जदाराच्या दोषाशिवाय घडलं हे पटवावं लागतं, नाहीतर न्यायालयाला बिनशर्त मुक्तता देता येत नाही. नवऱ्याचा आजार हे ठोस कारण होतं. पण फेडण्याची वाजवी आशा नसताना कर्ज घेतलं, हेही बिनशर्त मुक्तता नाकारण्याचं कारण आहे आणि एका अ‍ॅपचं कर्ज दुसऱ्या अ‍ॅपमधून फेडल्याच्या नोंदी तेच दाखवत होत्या.

सहा, नादार असताना ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी, आपण नादार आहोत हे न सांगता घेतली तर तो शिक्षेचा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. रक्कम १९२० ची आहे, ती कोणी वाढवलेली नाही. ताईंचा किराणा महिन्याच्या वहीवर चालत होता. दुकानदाराला "मी कोर्टातून नादार आहे" असं सांगून वही चालू ठेवायची, हे तालुक्याच्या गावात काय असतं ते सांगायला नको.

या सहाही गोष्टींवर तोडगा निघाला असता. सातव्यावर निघाला नाही. कर्जदाराच्या मुक्ततेने जामीनदार सुटत नाही, असं कलम ४४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. ताई नादार झाल्या असत्या तर पतसंस्थेने दुसऱ्या दिवशी दोन्ही जामीनदारांना नोटीस काढली असती. पतसंस्थेला दिवाणी दाव्याचीही गरज नसते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो आणि जामीनदाराच्या मालमत्तेवर टाच येते. दिरांनी बैठकीत शांतपणे विचारलं, "वहिनी, तुम्ही कोर्टात गेलात तर उरलेले सगळे हप्ते माझ्याकडे येणार ना?" वकील मॅडमनी "हो" म्हणून सांगितलं. सहकारी शिक्षिकेचा पगार तर ताईंपेक्षा कमी होता.

न्यायालयाबाहेर, क्रम लावून तडजोड. शेवटचा पर्याय हा. उरणारे ७,००० सगळ्यांना थोडे थोडे वाटायचे नाहीत. जिथे चुकल्यास दुसऱ्याचं नुकसान होतं तिथे नियमित भरायचं, बाकीच्यांशी एकरकमी तडजोड करायची. याचा सरळ अर्थ असा की बँक आणि कार्डाचे हप्ते जाणूनबुजून थांबवायचे. हे सोपं नाही आणि मी ते कुणालाही सरसकट सुचवणार नाही. ताईंना तर ते चोरीसारखं वाटत होतं. पण ३०,३०० चे हप्ते ७,००० मध्ये बसत नाहीत. सगळ्यांना फसवत शेवटी कोसळण्यापेक्षा बँकेला आधीच लेखी सांगणं जास्त प्रामाणिक, असं माझं मत होतं आणि ते मी त्यांना सांगितलं.

निर्णय कसा ठरला

ताईंनी एक नेमका प्रश्न विचारला: "मी नादारी नाही घेतली, तडजोडही नाही झाली आणि बँक कोर्टात गेली, तर जास्तीत जास्त काय होईल?"

वकील मॅडमनी उत्तर आकड्यात दिलं. बँकेला हुकूमनामा (दाव्यात पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश) मिळाला तर पगारावर टाच येऊ शकते. पण पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुरक्षित. २५,००० वर हिशोब केला तर १७,००० सुरक्षित, फार तर ८,००० कापता येतील. अशी टाच २४ महिने चालली की त्याच हुकूमनाम्यासाठी ती पुन्हा लागत नाही, आणि दुसऱ्या हुकूमनाम्यासाठीही पुढचे १२ महिने तिला विसावा. आणि अटक? पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करून कैदेत ठेवता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये तशी मनाई आहे. पुरुषांच्या बाबतीतही निव्वळ ऐपत नाही म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज व्हर्गिस प्रकरणात १९८० मध्येच सांगितलं आहे.

एक धोका मात्र खरा होता. पतसंस्थेकडे सही केलेले कोरे चेक होते, आणि बँकेचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होत होता. चेक वटला नाही तर चेकविषयीच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याचं कलम १३८, आणि इलेक्ट्रॉनिक हप्ता शिलकीअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५. दोन्ही फौजदारी. नादारीचा आदेश मिळाला तरी ही फौजदारी बाजू आपोआप मिटत नाही, असं वकील मॅडमचं म्हणणं होतं.

म्हणजे काहीच न करता बसलं तर दिवाणी बाजूने सर्वांत वाईट घडेल ते महिना ८,००० ची कपात. ताई त्या घडीला ३०,००० भरत होत्या. हा फरक कळल्यावर त्यांचा आवाज बदलला. त्यांनी नादारी आत्ता नको, तडजोड करू असं ठरवलं. मात्र अर्जाचा मसुदा, मालमत्ता आणि धनकोंच्या याद्यांसह, तयार करून ठेवायला त्यांनीच सांगितलं.

केलेली कृती

सुरुवात बँक खात्यापासून. पगाराचं खातं आणि वैयक्तिक कर्ज एकाच बँकेत होतं. पगार जमा होताच बँक हप्ता, थकबाकी, दंड सगळं ओढून घेई आणि इतर हप्ते परत जाऊन प्रत्येकी ५९० चा भुर्दंड बसे. शाळेला अर्ज देऊन पगार दुसऱ्या, कर्ज नसलेल्या बँकेत वळवला. त्याच दिवशी जुन्या बँकेला पत्र: उत्पन्न इतकं, खर्च इतका, हप्त्याची आपोआप वळती थांबवावी, कर्जाची फेररचना किंवा तडजोड करावी. पत्राची पोच घेतली. पुढे कलम २५ ची नोटीस आलीच. पंधरा दिवसांच्या आत या पत्राची प्रत जोडून उत्तर दिलं. बँक तक्रारीपर्यंत गेली नाही.

मग पतसंस्था. व्यवस्थापक ताईंना ओळखत होते. "ताई, हप्ता कमी करतो, पण दोन्ही जामीनदार सहीला पाहिजेत," ही त्यांची अट. ती योग्यच होती. जामीनदाराच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या तर करार कायद्याप्रमाणे जामीनदार जबाबदारीतून सुटू शकतो. दोघांनी सह्या केल्या. हप्ता ५,६०० वरून ४,४०० झाला, उरलेले ४१ महिने ५७ झाले. तेरा टक्के दराने सुमारे १८,००० जास्त व्याज जाणार होतं. ते मान्य करून घेतलं. कोरे चेक परत मागितले, त्यांच्या जागी रक्कम आणि तारीख लिहिलेला एकच चेक दिला.

अ‍ॅपची कर्जं वेगळी काढली. तिघांपैकी एकामागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली वित्त कंपनी होती. तिचे १२,००० दरमहा १,५०० ने फेडायचे ठरले. उरलेल्या दोघांमागे कोण आहे याचा पत्ताच नव्हता. त्यांनी १५,००० दिले होते, १९,००० वसूल केले होते आणि अजून २६,००० मागत होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत फोनमधले नंबर आणि फोटो वाचायला मनाई आहे. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि सायबर पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार केली, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर केली, अ‍ॅप काढून टाकले, भरणा बंद. काही आठवडे घाणेरडे संदेश आले. मुलीनेच मैत्रिणींना आधी सांगून ठेवलं की असं येईल, उत्तर देऊ नका. या सगळ्यात मला सर्वांत धीट ती मुलगी वाटली.

बँकेच्या एजंटविरुद्ध बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार गेली. फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळेत करायचे, ही रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेही पत्रात लिहिलं. शाळेत येणारे फोन त्यानंतर बंद झाले.

सर्वांत अवघड होत्या पाटल्या. तारण सोडवून त्या विकल्या तर कर्ज आणि व्याज वजा जाता ८८,००० हातात येत होते. ताईंच्या आईची ती एकच आठवण. मुलगी म्हणाली, "आई, माझ्या लग्नासाठी ठेवतेस ना? मला नकोत." निर्णयाला तीन आठवडे लागले. मी काही सुचवलं नाही, फक्त ८८,००० मध्ये काय काय मिटेल एवढं लिहून दिलं.

परिणाम

हप्ते थकल्यावर कार्डाची बाकी दंड-व्याजासह १,२१,००० पर्यंत चढली. राष्ट्रीय लोक अदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून ते ठेवलं आणि ४५,००० वर मिटलं. लोक अदालतीचा निवाडा हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो आणि त्यावर अपील नाही. त्यामुळे बँकेचा दुसरा एखादा विभाग पुढे उरलेलं मागायला येईल ही भीती राहिली नाही. ही रक्कम पाटल्यांच्या पैशातून गेली.

वैयक्तिक कर्जाला वेळ लागला. बँकेने आधी दंड माफ करून १,५०,००० सांगितले, मग १,३०,०००. शेवटी १,०५,००० वर सहमती झाली: ४३,००० लगेच, बाकी सहा महिन्यांत. ४३,००० पाटल्यांच्या पैशातले उरलेले. ६२,००० कुठून आणायचे हे सहमतीच्या दिवशी ठरलेलं नव्हतं. हा धोका ताईंनी जाणून घेतला होता, कारण मुदत चुकली असती तर तडजोड रद्द होऊन सगळी बाकी पुन्हा उभी राहिली असती.

मुदतीत विम्याचा दावा मान्य झाला. वित्त कंपनीने नवऱ्याचं कर्ज बंद केलं, आणि दंड-शुल्काच्या हिशोबावरून झालेल्या लांबलचक पत्रव्यवहारानंतर ताईंनी भरलेल्या हप्त्यांपैकी ५४,००० परत दिले. उरलेले ८,००० पगारातून गेले. दोन्ही ठिकाणांहून थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं.

किंमत मोजावी लागलीच. सिबिलमध्ये दोन खात्यांवर 'सेटल्ड' असा शेरा आला, तो वर्षानुवर्षं दिसणार आहे. मुलीच्या शैक्षणिक कर्जाला त्यामुळे अडचण येऊ शकते. सहअर्जदार म्हणून ताईंऐवजी मामाचं नाव लावायचा विचार सुरू आहे. पाटल्या गेल्या. पण जामीनदारांना एकही नोटीस गेली नाही, घराचा हिस्सा जागेवर आहे, किराणाची वही चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

विमा पहिल्याच महिन्यात शोधायला हवा होता. घरात मृत्यू झाला की बँकेच्या पासबुकावरचं नाव बदलतात, सातबाऱ्यावर वारस लावतात, पण कर्जाच्या करारातला विमा कोणी बघत नाही. तो तेव्हाच सापडला असता तर महिन्याचे ४,२०० वाचले असते आणि बहुधा अ‍ॅपची कर्जं घ्यावीच लागली नसती.

पाटल्याही उशिरा विकल्या गेल्या. कार्डाची बाकी ९४,००० असताना विकल्या असत्या, तर दंड-व्याजाचे २७,००० चढण्याआधी बोलणी सुरू झाली असती. यावर वकील मॅडमचं मत माझ्याहून वेगळं आहे: खातं थकीत होण्याआधी बँक तडजोडीला बसतच नाही, त्यामुळे काही महिने थांबणं अटळ होतं. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण निदान बोलणीच्या वेळी हातात रोख असती, हे माझं म्हणणं कायम आहे.

समितीतल्या दुसऱ्या एका वकिलांना नादारीचा अर्ज करायलाच हवा होता असं वाटतं. १९२० च्या कायद्यात कलम ३८ खाली न्यायालयाच्या देखरेखीत धनकोंशी तडजोडीची योजना मांडता येते. सगळे धनको एका टेबलावर आले असते आणि बँकेशी महिनोन्‌महिने घासाघीस करावी लागली नसती. हा मुद्दा बिनतोड आहे, जामीनदार नसते तर. पतसंस्थेचं कर्ज नसतं, घरात हिस्सा नसता आणि दोन-तीन बँकांचे हुकूमनामे एकदम पगारावर आले असते, तर मीही ताईंना जिल्हा न्यायालयातच जा म्हणून सांगितलं असतं. तशी माणसं येतात आणि त्यांना नादारीची लाज वाटते म्हणून ती जात नाहीत. ते चूक आहे. वकिलाचा खर्च ही अडचण असेल, तर स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवेकडून वकील फुकट मिळतो, आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही. सरकारी नोकर असेल तर मात्र अर्जाआधी सेवा नियम बघून घ्यावेत.

ताईंच्या मसुद्याची फाइल समितीच्या कपाटात आहे. दोन गोष्टी घडल्या तर ती पुन्हा उघडायची असं ठरलं आहे: पतसंस्थेचं कर्ज संपण्याआधी नोकरी गेली, किंवा त्या दोन अ‍ॅपच्या मागे असलेलं कोणी खरोखरच दावा घेऊन उभं राहिलं. पहिली गोष्ट घडली तरी न्यायालयात जाण्याआधी दीर आणि त्या शिक्षिकेला बोलवायचं, हे ताईंनी फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.